हिवाळ्यात पाळीव सापाला ऊब कशी द्यायची? हीटर, थर्मोस्टॅट आणि मोबाईल अलर्टचं सोपं गणित

मी शिकागोजवळ राहतो आणि माझ्याकडे एक बॉल पायथन आहे. घाबरला की डोकं आत लपवून लाडवासारखा गोल होतो, म्हणून त्याचं नाव लाडू. हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. इकडे शिकागोत 30 जानेवारी 2019 ला पारा उणे 30 अंश सेल्सिअसच्याही खाली गेला होता. त्यामुळे लाडूचा फोटो पाठवला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अरे, एवढ्या थंडीत हा जगतो कसा?" आज त्याच प्रश्नाचं सविस्तर उत्तर बघूया.

त्याआधी भारतातल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. धामण, नाग, अजगर असे आपल्याकडचे साप घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजाती 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. त्यामुळे हा लेख वाचून कुठून तरी साप आणू नका. तंत्रज्ञान मात्र समजून घ्या, कारण तेच गणित इनक्युबेटरपासून गीझरपर्यंत सगळीकडे चालतं.

साप स्वतः गरम का होत नाही?

आपलं शरीर अन्न जाळून स्वतःची उष्णता तयार करतं. सापाचं तसं नाही. तो बाहेरून ऊब घेतो. 'थंड रक्ताचा प्राणी' हा शब्द थोडा फसवा आहे, कारण उन्हात बसलेल्या सापाचं रक्त चांगलं गरम असतं.

कडाक्याच्या थंडीत फोन बाहेर काढला की बॅटरी भराभर उतरते, कधी फोन बंदही पडतो. बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. सापाच्या पोटातही असंच काहीसं होतं. ऊब नसेल तर पचन मंदावतं, खाल्लेलं तो उलटून टाकतो, प्रतिकारशक्ती कमी होते आणि श्वसनाचा संसर्ग होऊ शकतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे अशी लक्षणं दिसली तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर गाठायचा.

एक तापमान नाही, दोन टोकं

नवीन माणूस विचारतो, "टाकी किती डिग्रीवर ठेवायची?" पण पूर्ण टाकी एकाच तापमानाला ठेवायची नसते. एक टोक गरम आणि दुसरं तुलनेनं थंड हवं, म्हणजे साप स्वतः जागा बदलून शरीराचं तापमान सांभाळतो. बॉल पायथनसाठी गरम टोकाची जमीन साधारण 31 ते 33 अंश आणि थंड टोक 24 ते 27 अंश. अमेरिकेतलाच कॉर्न स्नेक थोडं कमी मागतो: गरम टोक 29 ते 31, थंड टोक 22 ते 24. दोन्ही टोकांना लपायला एकेक खोपा ठेवायचा. एकाच टोकाला खोपा असेल तर भित्रा साप गारठत असला तरी तिथून हलत नाही.

हीटर कोणता घ्यायचा?

- हीट मॅट: टाकीच्या तळाला लावायची पातळ चादर. वीज कमी खाते आणि जमीन गरम करते, हवा मात्र फारशी तापवत नाही. रात्री खोली 18 अंशांवर जात असेल तर एकटी पुरत नाही.
- सिरॅमिक हीट एमिटर: बल्बसारखा दिसतो पण उजेड देत नाही, त्यामुळे रात्री उत्तम. याचा पृष्ठभाग प्रचंड तापतो. म्हणून होल्डर सिरॅमिकचाच हवा, प्लॅस्टिकचा नाही, आणि टाकीच्या आत लावला असेल तर भोवती जाळी हवीच.
- हॅलोजन बल्ब: दिवसा उन्हासारखी ऊब देतो. रात्री बंद.
- हीट रॉक, म्हणजे गरम होणारा नकली दगड: हा घेऊ नका. तो एकाच जागी जास्त तापतो आणि साप त्यावर पडून राहतो. पोट भाजेपर्यंत तो हलेलच याची खात्री नसते.

खरा हिरो: थर्मोस्टॅट

दुकानात सगळे हीटरबद्दल विचारतात. पण हीटरला फक्त तापणं कळतं, थांबणं कळत नाही. थांबवायचं काम थर्मोस्टॅट करतो. त्याला वायरच्या टोकाला एक छोटा सेन्सर असतो, त्याला प्रोब म्हणतात. प्रोब तापमान बघतो आणि थर्मोस्टॅट त्याप्रमाणे वीज कमी-जास्त करतो.

याचे तीन प्रकार आहेत. ऑन-ऑफ प्रकार इस्त्रीसारखा: तापली की बंद, निवली की चालू. हा मॅटला चालतो. पल्स प्रकार विजेचे छोटे छोटे ठोके देतो, तो सिरॅमिक एमिटरला चांगला. डिमिंग प्रकार पंख्याच्या रेग्युलेटरसारखा हळूहळू कमी-जास्त करतो, तो बल्बला लागतो. बल्बला ऑन-ऑफ लावलात तर रात्रंदिवस लुकलुकत बसेल आणि लवकर उडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. प्रोब जागेवरून निसटून टाकीबाहेर पडला तर काय होईल? बाहेर खोली 20 अंश. थर्मोस्टॅटला वाटेल, "अजून थंडच आहे," आणि तो हीटर पूर्ण जोरात चालू ठेवेल. आत साप भाजतोय आणि यंत्राच्या मते सगळं नीट चाललंय! म्हणून प्रोब पक्का बांधायचा, त्याची वायर सापाच्या वेटोळ्यात अडकणार नाही अशी फिरवायची आणि दर आठवड्याला हात लावून बघायचा.

फोनचं काम काय?

आधी एक गैरसमज दूर करू. 'रूम थर्मामीटर' नावाचं ॲप टाकून फोन टाकीजवळ ठेवला की झालं, असं समजू नका. बहुतेक फोनमध्ये खोलीचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो. अशी ॲप्स इंटरनेटवरून शहराचं हवामान दाखवतात किंवा बॅटरीच्या तापमानावरून अंदाज बांधतात. त्यासाठी वेगळा सेन्सर लागतो, आणि तो थर्मोस्टॅटच्या प्रोबपेक्षा वेगळाच असला पाहिजे. एक चुकला तर दुसऱ्यानं सांगायला हवं ना!

सेन्सर घेताना तीन गोष्टी बघा:

1. फक्त ब्लूटूथवाला सेन्सर तुम्ही घरात असेपर्यंतच दिसतो. ऑफिसमधून बघायचं असेल तर वायफायवाला किंवा हबसोबतचा घ्या.
2. अलर्ट दोन्ही बाजूंनी लावा. माझ्याकडे गरम टोकाला 35 च्या वर आणि 28 च्या खाली गेलं की फोन वाजतो. ॲप फॅरनहाइटवर आहे की सेल्सिअसवर, ते आधी तपासा.
3. 'सेन्सर ऑफलाइन' हा अलर्ट चालू ठेवा. वीज गेली की राउटरही बंद पडतो, मग तापमानाचा अलर्ट येणारच नाही. त्या वेळी गप्प बसलेलं ॲप म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही.

स्मार्ट प्लगनं हीटर चालू-बंद करायचा मोह अनेकांना होतो. पण स्मार्ट प्लगला टाकीतलं तापमान कळत नाही आणि वायफाय गेलं की तुमचा हुकूमही पोचत नाही. तापमान सांभाळायचं काम थर्मोस्टॅटचं, फोननं फक्त पहारा द्यायचा.

कोरडी हवा विसरू नका

हिवाळ्यात खोलीचा हीटर चालला की हवा एकदम कोरडी होते. बॉल पायथनला साधारण 55 ते 65 टक्के आर्द्रता लागते, नाहीतर कात अख्खी न निघता तुकड्यांत निघते. वरच्या जाळीचा काही भाग झाका आणि पाण्याचं भांडं मोठं ठेवा.

लाइट गेली तर?

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये ऐन बर्फात लाखो घरांची वीज गेली होती. अशी वेळ सांगून येत नाही, म्हणून तयारी आधी हवी.

16 वॉटची मॅट 300 वॉट-अवरच्या पॉवर स्टेशनवर साधारण 15 तास निघू शकते. तेच 80 वॉटचा एमिटर तीन-साडेतीन तासांत ते रिकामं करतो. म्हणून लाइट गेली की बॅटरी मॅटला द्यायची.

बॅटरी नसेल तर सापाला कापडी पिशवीत घालून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. खोक्याला हवेसाठी भोकं हवीत. शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, ती सापाला थेट लागता कामा नये. घरात शेगडी किंवा कोळसा पेटवू नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड सापाच्याच नाही, तुमच्याही जिवावर बेतेल. आणि पुन्हा नीट ऊब मिळेपर्यंत सापाला खायला देऊ नका.

बजेट कमी असेल तर माझा सल्ला सरळ आहे: पैसे आधी थर्मोस्टॅटवर घाला, मग वेगळ्या सेन्सरवर, आणि उरले तर भारी हीटरवर. टाकी तयार झाली की साप आणण्याआधी आठवडाभर ती रिकामीच चालवा आणि रोज पहाटेचे आकडे बघा, कारण खोली सगळ्यात थंड तेव्हाच असते. ते आकडे आठवडाभर जागेवर राहिले, तरच साप घरी आणा.