ताकद काडतुसाची, भरवसा पिस्तुलाचा

पिस्तुलांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात ताकदवान पिस्तूल कोणतं? आज आपण हा प्रश्नच जरा दुरुस्त करून घेऊ. ताकद असते काडतुसात. पिस्तुलाला विचारायचं ते एवढंच, की ही ताकद तुला पेलेल का आणि किती वेळा?

उदाहरण घेऊ अमेरिकी लष्कराचं. फिलिपाइन्सच्या लढाईत ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरची गोळी लागूनही चालून येणारा माणूस थांबत नाही, अशा तक्रारी आल्या. मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी जनावरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या. निष्कर्ष काढला, की गोळी ०.४५ इंचापेक्षा लहान नको. पण जनावरं मोजकी होती, जखमाही एकसारख्या नव्हत्या. म्हणजे पुरावा तोकडा आणि निष्कर्ष मात्र ठाम! तुलना करताना हा मोह आपल्यालाही होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

निष्कर्ष कसाही असो, गोळी ठरली. वजन सुमारे १५ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण २५० मीटर. आता अडचण यंत्राची. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी उडाल्याच्या धक्क्यानेच वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि परत येताना नवीन आत ढकलते. काडतूस हलकं असेल तर स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागतं. जोरदार काडतुसाला ते पुरत नाही. गोळी नळीतून सुटायच्या आत मागचं तोंड उघडलं तर काडतुसाचं कवच फाटतं आणि गरम वायू नेमबाजाच्या दिशेने येतो. म्हणून नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांना जखडून ठेवावी लागतात.

१९०७ च्या चाचण्यांनंतर खरी स्पर्धा उरली दोघांत. ब्राउनिंग यांच्या कोल्ट पिस्तुलात नळी आणि स्लाइड थोडं अंतर जोडीने मागे जातात, मग नळी खाली झुकून सुटते. सॅव्हेजच्या पिस्तुलात नळी किंचित फिरल्यावर स्लाइड मोकळी होते. कागदावर दोन्ही कल्पना पटण्याजोग्या. मग निवड करायची कशी?

लष्कराने वाद घालत बसण्याऐवजी मोजणी केली. सैनिकांच्या हाती पिस्तुलं देऊन तक्रारी गोळा केल्या, दोन्ही कंपन्यांना सुधारायला वेळ दिला. १९१० च्या चाचणीत दोघंही अडखळले. मार्च १९११ मध्ये पुन्हा परीक्षा झाली: प्रत्येक पिस्तुलातून ६,००० गोळ्या. सॅव्हेज ३७ वेळा बिघडलं, कोल्ट एकदाही नाही. शिवाय वेडीवाकडी काडतुसं, गंज, धूळ, चिखल हेही होतंच. २९ मार्च १९११ रोजी कोल्टची निवड झाली.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्ही पिस्तुलांत काडतूस तेच होतं, म्हणजे ताकद सारखीच. फरक पडला तो भरवशात. ज्याच्या हातात ते पिस्तूल असणार, त्याच्यासाठी सदतीस हा नुसता आकडा नाही. त्यातली एखादी वेळ नेमकी समोरचा माणूस अंगावर येत असतानाची असू शकते.

पुढे १९८५ मध्ये याच लष्कराने ९ मिलिमीटरचं बेरेटा पिस्तूल स्वीकारलं. म्हणजे गोळी पुन्हा लहान झाली! ताकदीबद्दलचं मत बदललं. पण चिखलात, धुळीत, हजारो गोळ्यांनंतर हे चालेल का, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता, त्याच्याही चाचण्या झाल्याच. तेव्हा तुलनेचा तक्ता हातात आला की काडतुसाच्या आकड्यांवरून बोट जरा खाली सरकवा आणि बघा: किती गोळ्या झाडल्या, कोणत्या परिस्थितीत आणि कितीदा अडकलं? ही तीन उत्तरं नसतील, तर ती तुलना अजून अर्धीच आहे असं समजा.