गोळीआधी नमुना

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता छेदतो. रक्ताच्या कर्करोगाची शंका आलेला पेशंट इथून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, बार्शीला, नाहीतर थेट परळच्या टाटामध्ये नेला जातो. घरात चर्चा गाडीची, पैशाची आणि औषधाची होते. नमुन्याची होत नाही. पण प्रौढांच्या ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएलमध्ये, नव्या औषधांचा लाभ मिळणार की नाही हे बरंचसं पहिल्या नमुन्यापाशीच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

१९७० च्या दशकापासून या आजाराला ‘सात अधिक तीन’ हाच मुख्य उपचार होता: सात दिवस सायटाराबिन, तीन दिवस डॉनोरुबिसिन, मग पेशीतला बिघाड कोणताही असो. २०१७ पासून बिघाड पाहून औषध देणं वाढत गेलं. सुमारे एक-तृतीयांश पेशंटांत एफएलटी३ या जनुकात बदल सापडतो. अशा ७१७ जणांच्या चाचणीत केमोला मिडोस्टॉरिनची जोड मिळाल्यावर चार वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४४.३ वरून ५१.४ टक्क्यांवर गेलं. हे औषध द्यायचं तर आधी बदल सापडायला हवा. त्यासाठी पेशंटला कुशीवर झोपवून कमरेच्या हाडावरची जागा बधिर करतात, सुई फिरवत हाडात घालतात आणि सिरिंज ओढतात. त्या ओढीची कळ भूल देऊनही जाणवते. पहिल्या ओढीतला मगज (बोनमॅरो) सर्वांत कसदार असतो, पुढे त्यात रक्त मिसळत जातं. जनुकचाचणीचा भाग जांभळ्या टोपणाच्या नळीत जातो, गुणसूत्रांचा हिरव्या टोपणाच्या. अदलाबदल झाली तर हिरव्या नळीतलं हेपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणतं. इतक्या साध्या चुकीने निदान रखडू शकतं.

रिपोर्टची वाट पाहण्यात जीव जाईल, ही भीती स्वाभाविक आहे. पण जर्मनीतल्या २,२६३ पेशंटांच्या नोंदींत, प्रकृती स्थिर असेल तर थोडे दिवस थांबल्याने जगण्याच्या शक्यतेत फरक दिसला नाही. तोवर पांढऱ्या पेशी हायड्रॉक्सीयुरियाने आवरता येतात. अपवाद एपीएल या उपप्रकाराचा. त्यात रक्तस्राव कधीही होऊ शकतो, म्हणून नुसत्या शंकेवर एट्रा हे औषध सुरू करतात. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: औषध परवडणारच नसेल तर चाचणीचा खर्च कशाला? कारण ही चाचणी बोनमॅरो प्रत्यारोपण कुणाला लागेल आणि कुणाला टाळता येईल हेही सांगते. आणि एपीएल निघालं तर एट्रा व आर्सेनिक यांवर, नेहमीच्या केमोशिवाय, कमी-मध्यम जोखमीचे बहुतेक पेशंट बरे होतात. म्हणून मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर, केमोची पहिली बाटली लागण्याआधी डॉक्टरांना एवढं विचाराच: जनुकचाचणीचा नमुना गेला का?