तुरटीचा खडा: एक वस्तू, अनेक कामं

रत्नागिरीत पावसाळा लागला की वहाळ लाल होऊन धावतात आणि विहिरीचं पाणी गढूळतं. मग घराघरांत तुरटीचा खडा शोधला जातो. त्या खड्याची ही करामत!

कळशीत दोन फेर
मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मारतं, कण एकत्र येऊन तळाशी बसतात. मात्र एवढ्याने सगळे जंतू मरत नाहीत. वरचं नितळ पाणी उकळूनच प्या.

चवीवरून नाव
चव तुरट, म्हणून तुरटी. संस्कृतात तुवरी आणि स्फटिका. हिंदीतली फिटकरी या स्फटिकेचीच लेक. ‘सौराष्ट्री’ हे नाव तर तिचा मुलूखच सांगतं.

धातूचं बारसं
लॅटिनमध्ये तुरटी म्हणजे ‘अल्युमेन’. त्यावरूनच हम्फ्री डेव्ही यांनी 1808 मध्ये, धातू हाती येण्याआधीच, त्याचं नाव ठेवलं. त्याच ॲल्युमिनियमचं खनिज, बॉक्साइट, आपल्या दापोली-मंडणगड भागात आहे. घरं बांधायचा जांभा त्याचाच भाऊबंद: पावसाने खडकातलं बाकीचं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं.

दाढीनंतर
तुरटी कातडी आवळते आणि रक्तातली प्रथिनं साकळवते. म्हणून वस्तऱ्याच्या बारीक चिरेतलं रक्त लगेच थांबतं.

तव्यावर लाही
खड्याच्या वजनात सुमारे 45 टक्के पाणीच! तापवला की तो आपल्याच पाण्यात वितळतो, फसफसतो आणि फुलून पांढरी, हलकी लाही होते. दृष्ट काढून विस्तवात टाकलेली तुरटी फुगते ती यामुळेच. तिच्यात दिसणारा ‘चेहरा’ ही पाण्याच्या वाफेची करणी.

रंग पक्का
मंजिष्ठेचा लाल रंग सुती कापडावर टिकावा म्हणून रंगारी आधी तुरटी देतात. ती धागा आणि रंग यांना जोडून ठेवते.

घड्याळजीची युक्ती
पितळी भागात पोलादी स्क्रू तुटून अडकला, तर तो भाग तुरटीच्या गरम, दाट पाण्यात ठेवतात. स्क्रू विरघळतो, पितळ शाबूत राहतं.

मुलांसाठी
गरम पाण्यात मावेल तितकी तुरटी विरघळवा, दोरा सोडा, भांडं हलवू नका. काही दिवसांत दोऱ्यावर आठ पैलूंचे लखलखीत स्फटिक धरतील. पावसाच्या सुट्टीत नक्की करून बघा!