पडद्याने संबळाचा ताल धरावा!

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ संबळाच्या तालावर आणि दिवटीच्या उजेडात रंगतो. तो रंगमंचावर आणून त्याला प्रक्षेपित दृश्यांची जोड द्यायची, तर खरा प्रश्न लयीचा असतो. १९५८ साली ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात प्रागच्या ‘लॅटर्ना मॅजिका’ने चित्रफीत आणि जिवंत नर्तक एकत्र आणले, पुढे नर्तक उदय शंकर यांनी ‘शंकरस्कोप’मध्ये तसाच प्रयोग केला. मात्र आधी चित्रित केलेली फीत थांबत नाही. नर्तकालाच तिच्यामागे धावावे लागते. गोंधळी तर रंग भरेल तशी लय वाढवतो. म्हणून दृश्यांचे छोटे तुकडे करून ते संबळाच्या इशाऱ्यावर बदलावेत आणि प्रक्षेपण पडद्यामागून करावे. अन्यथा समोरचा प्रकाशझोत नर्तकाच्या चेहऱ्यावरच चित्र उमटवील आणि दिवटी निस्तेज होईल.