किल्ली सोलापुरात, मालक शिकागोत

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक खिळा मारलेला आहे आणि त्यावर चार घरांच्या किल्ल्या टांगलेल्या आहेत. जुळे सोलापुरातली मावसभावाची, रेल्वे लाईन्समधल्या जुन्या शेजाऱ्यांची आणि होटगी रोडकडच्या दोन. मालक शिकागो, दुबई, म्युनिक असे विखुरलेले. आईवडील होते तोवर घरं नांदती होती, आता वर्षातून तीन आठवडे उघडतात.

अशा घरांचे मालक एका ठरावीक वयात बागेच्या नादी लागतात. रात्री साडेदहाला, म्हणजे शिकागोत भर दुपारी, मावसभावाकडून व्हॉट्सॲपवर चित्र येतं: गालिच्यासारखं लॉन, मधून दगडी पायवाट, कडेला वाटोळी कापलेली झुडपं. खाली एक ओळ, "दादा, असं करायचंय. खर्च किती येईल?" तो रुपयांत विचारतो, मी लिटरमध्ये सांगतो, आणि तिथून आमची खडाजंगी सुरू होते. चारही घरांची मिळून ती इतक्यांदा झाली आहे की नेहमीचे गैरसमज आता मला पाठ आहेत.

"पैसे टाकले की लॉन होतं"

होतं की. फेब्रुवारीपर्यंत टिकतंही. पण मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा एक चौरस मीटर हिरवळीला दिवसाला पाचेक लिटर पाणी लागतं. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे रोजचे साडेचारशे-पाचशे लिटर. पाच हजार लिटरचा टँकर दहा दिवसांत संपला. इथे उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि तरीही नळाला रोज सुटत नाही. पाणी येण्याचा दिवस बघून लोक धुणं काढतात, पाहुण्यांना बोलावतात. तिथे कुलूपबंद घरापुढे रोज पाचशे लिटर ओतताना शेजारी बघतात, आणि बोलतातही.

मग उत्तर येतं, "बोअर आहे ना!" आहे. पण आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. त्यात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं. एका प्लॉटला लागतं, शेजारच्याला कोरडी धूळ निघते. लागलेलंही एप्रिलमध्ये खाली जातं, आणि बहुतेक ठिकाणी इतकं जड असतं की पानांवर, फरशीवर पांढरे डाग उठतात.

खरी गंमत पुढे आहे. शिकागोत वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस नि बर्फ पडतं, तेही बारा महिन्यांत वाटून. सोलापुरात साडेपाचशे ते साडेसातशे मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. एकूण आकड्यात फरक आहे, पण वाटतो तितका नाही. फरक आहे तो वाटणीत. तिकडचं लॉन आकाशावर जगतं, इकडचं टँकरवर.

"सोलापुरात काही उगवतच नाही"

हे दुसरं टोक. लॉनचा हिशेब ऐकून वैतागलेला माणूस लगेच म्हणतो, मग सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकून देऊ. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ज्या शहराजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथला माणूस हे बोलतो याचं मला दर वेळी नवल वाटतं. डाळिंबाला तर बहार धरण्याआधी मुद्दाम पाणी तोडून ताण द्यावा लागतो. बोगनवेलीचंही तसंच, पाणी जास्त झालं की नुसती पानं माजतात, फुलं रुसतात. सीताफळ, लिंबू, शेवगा, कण्हेर, तगर, पांढरा चाफा, बेल, कडुनिंब ही झाडं एकदा मुळं धरली की मालकाची वाट बघत नाहीत.

गवतच हवं असेल तर वीसेक किलोमीटरवर नान्नजला जाऊन यावं. माळढोकासाठी राखलेल्या त्या माळरानावर मारवेल, पवन्या अशी गवतं पावसात हिरवी होतात, दिवाळीनंतर सोनेरी पडतात आणि उन्हाळा झोपून काढतात. त्यांना कुणी टँकर लावत नाही. मावसभावाला मी त्याचा फोटो पाठवला होता. त्यानं उत्तर दिलं, "हे तर वाळलेलं आहे." मी म्हटलं, "मे महिना आहे बाबा."

एका झाडापासून मात्र दूर राहा: कोनोकार्पस. नर्सरीवाले त्याला झटपट हिरवी भिंत म्हणून विकतात, आणि परदेशातल्या मालकाला झटपट हा शब्द फार आवडतो. त्याची मुळं पाण्याच्या नि ड्रेनेजच्या पाइपांमागे लागतात, परागकणांचा त्रास होतो. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

"सुट्टीला आलो की झाडं लावून जातो"

सगळ्यात जास्त रोपं या एका समजुतीपायी मेली आहेत. आपली माणसं येतात दोन वेळा. एकतर डिसेंबर-जानेवारीत, नाताळची सुट्टी आणि गड्ड्याची जत्रा जोडून. नाहीतर मे-जूनमध्ये, मुलांच्या शाळा बंद असताना. झाड लावायला हे दोन्ही मुहूर्त वाईट. जानेवारीत लावलेल्या रोपाच्या डोक्यावर दोन-अडीच महिन्यांत उन्हाळा येऊन बसतो. मेमध्ये लावलेलं पहिल्या आठवड्यात करपतं. जूनचा पहिला पाऊसही फसवा. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं खंड दिला नाही असं वर्ष क्वचित. सोलापूरला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, हे इथे वाढलेल्यांनाही सांगावं लागतं.

म्हणून कामाची वाटणी अशी करायची. मेमध्ये आलात तर खड्डे घ्या: दोन फूट लांब, रुंद, खोल. आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या. मग माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड भरून ठेवा नि विमान पकडा. रोपं जुलै ते सप्टेंबरात, पावसाची झड बघून, इथला माणूस लावील. जानेवारीत आलात तर छाटणी करा आणि आळ्यांत उसाचं पाचट पसरा. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. चार बोटं जाड थर असला की पाण्याच्या पाळ्या कमी होतात. फक्त खोडाला चिकटवू नका आणि वाळवीवर लक्ष असू द्या.

"काळी माती आहे, मग काय!"

काळ्या मातीचा अभिमान ज्वारीपुरता ठेवावा. मंगळवेढ्याची मालदांडी जमिनीतल्या ओलीवर येते ते हीच माती पाणी धरून ठेवते म्हणून. पण जी माती पाणी धरते ती फुगते, आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर थेट पेव्हर ब्लॉक किंवा शहाबादी बसवली की दोन पावसाळ्यांत अंगणाच्या लाटा होतात. आधी काळी माती काढायची, मुरूम भरायचा, थराथरानं पाणी मारून धुमस करायची, मग फरशी. कोटेशनमध्ये मुरूम किती ब्रास हे लिहिलेलं नसेल तर तो पडणार नाही असं धरून चाला. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. अंगणाची लांबी-रुंदी आणि थराची जाडी गुणली की शिकागोत बसूनही हिशेब जुळवता येतो.

याच कारणानं घराच्या भिंतीला लागून फुलांचे वाफे करू नयेत. एका बाजूला रोज ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडी भेग, असं झालं की जोत्याजवळ तडे जातात. मोठं झाडही पायापासून लांबच बरं. ते उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतं.

बांधकामाच्या मोसमाबद्दलही उलटी समजूत आहे. मे महिना कोरडा, म्हणून प्लास्टर-काँक्रीट उरकून घ्यावं असं लोकांना वाटतं. पण सिमेंटला सुकवायचं नसतं, ओलं ठेवायचं असतं. नव्या काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, मिश्र सिमेंटला दहा. मेच्या उन्हात सकाळी मारलेलं पाणी दहा वाजेपर्यंत उडालेलं असतं. आणि पाणी मारणं हे असं काम आहे की ते झालं नाही तरी फोटोत दिसत नाही. वर्षभरानं तडे दिसतात, तोवर गवंडी दुसऱ्या साईटवर. दिवाळीनंतरचे तीन महिने या कामाला उत्तम.

"टायमर लावला, आता काळजी नाही"

मीही हेच समजत होतो. मावसभावाच्या घरी ठिबक बसवलं, टायमर लावला आणि दीड आठवडा फिरकलो नाही. गेलो तेव्हा टायमर इमानदारीत चालू होता. ठिबकची नळी मात्र खारींनी तीन ठिकाणी कुरतडलेली, सगळं पाणी फाटकाजवळ सांडून वरची टाकी रिकामी आणि मोगऱ्याच्या रांगेचा पार खराटा झालेला. त्याला सांगताना मला फार वाईट वाटलं, कारण तो मोगरा मावशीनं लावलेला होता.

तेव्हापासून माळ्याकडून फुलांचे फोटो मागवणं बंद केलं. फुलांचा फोटो चार दिवस जुनाही चालतो. आता माळी ठिबकच्या शेवटच्या ड्रिपरखाली लिटरची बाटली ठेवतो. चार लिटर ताशी ड्रिपर असेल तर पंधरा मिनिटांत ती भरली पाहिजे. अर्धीच भरली तर क्षार साचलेत किंवा कुठे गळतंय. आठवड्यातून एकदा त्या बाटलीचा व्हिडिओ थेट शिकागोला जातो. इतका कंटाळवाणा व्हिडिओ जगात नसेल, पण त्यानं आजवर दोनदा बाग वाचवली.

पावसाच्या पाण्याचा हिशेबही असाच साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साडेपाचशे मिलिमीटर पडला की पन्नास हजार लिटर होतात. गळती-उडती सोडून चाळीस हजार धरा. एवढं साठवायला हौद परवडत नाही. पण पहिल्या पावसाची धूळ वाहून गेल्यावर गाळणीतून ते बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येतं. ५०० चौरस मीटर नि त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम करताना तर राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं हे सक्तीचंच केलं आहे.

"माझं अंगण, मला कोण विचारतो?"

महापालिका विचारते. शहरात स्वतःच्या आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षण दिलं. आजोबांनी लावलेली चिंच बहुधा त्यात बसते. रंग, प्लास्टर, फरशी बदलायला बांधकाम परवाना लागत नाही. गच्चीवर खोली चढवायला लागतो. हद्दवाढ भागातला प्लॉट गुंठेवारीचा असेल तर तो नियमित झाला आहे का, हे खोलीचा नकाशा काढण्याआधी बघा.

कागदांचं मी थोडक्यात आटोपतो, कारण यात वकील आणि सीए लागतातच. भावाला फोनवर "तू बघ" म्हणणं रंगकामाला पुरतं; महापालिकेत अर्ज करायला मुखत्यारपत्र लागतं. सरसकट कुलमुखत्यारपत्राऐवजी कामं मोजून लिहिलेलं विशेष मुखत्यारपत्र द्या. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करता येतं, किंवा देश हेग करारातला असेल तर तिथे नोटरी नि अपोस्टील करून पाठवता येतं. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. हे हमखास विसरलं जातं. आणि मुखत्यारपत्रानं घर कुणाच्या नावावर होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे. तेव्हा त्या भीतीनं सख्ख्या बहिणीलाही मुखत्यारपत्र न देणारे जरा सैल होऊ शकतात.

गावाकडे शेत घेऊन फार्महाऊस बांधायचं स्वप्न असेल तर अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशानं आलेली ठेवता येते. मेव्हण्याच्या नावावर घेऊ, असं म्हणणाऱ्यांना मी चहा पाजून वाटेला लावतो. आणि परदेशी गेल्यावरही इथलं जुनं बचत खातं तसंच ठेवून त्यातून गवंड्याला पैसे देणारे बरेच आहेत; ते खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. बिलं मात्र जपून ठेवा. पुढे घर विकताना वाढीव खोली किंवा कुंपणाच्या भिंतीचा खर्च करात धरता येतो, रंगकामाचा नाही.

मावसभावानं लॉनचा नाद सोडला आहे असं मी म्हणणार नाही. दाराशी शंभर चौरस फुटांवर तडजोड झाली, नातवाला लोळायला. बाकी अंगणात सहा खड्डे घेऊन, भरून तयार आहेत: दोन डाळिंबं, सीताफळ, लिंबू, बेल आणि मोगरा. यंदा त्यानं पहिल्यांदाच तिकीट ऑगस्टचं काढलंय. तोवर मोगऱ्याच्या खड्ड्यातल्या मऊ मातीवर शेजारची मांजर दुपारची झोप काढते, आणि बाटलीच्या व्हिडिओपेक्षा शिकागोत तिचेच फोटो जास्त मागितले जातात.