घोरण्याचे लॅटिन नाव

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय. लग्नघरी किंवा रेल्वेच्या डब्यात घोरणाऱ्यावर चार विनोद झाल्याशिवाय रात्र सरत नाही. हाच आवाज डॉक्टरांच्या टिपणात मात्र ‘स्टर्टर’ असे भारदस्त नाव धारण करतो आणि सामान्य माणूस त्या नावापुढे दबून जातो. वास्तविक त्यात गूढ असे काहीच नाही. ‘स्टर्टेरे’ या लॅटिन क्रियापदाचा अर्थ घोरणे एवढाच. त्यावरून वैद्यकाने हे नाम घडविले.

मग निराळ्या शब्दाची गरज ती काय? गरज अशी की, निद्रिस्त माणूस घोरतो, तसा बेशुद्ध माणूसही घोरतो. पक्षाघाताचा झटका, डोक्याला बसलेला मार किंवा गुंगीच्या औषधाचा अतिरेक यांमुळे शुद्ध हरपली की जीभ व घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि तेथील मऊ भाग थरथरू लागतो. आवाज तोच, परंतु तो झोपेचा नव्हे, संकटाचा असतो.

शब्दांच्या या आडपडद्याला करुणेचीही एक बाजू आहे. १८१६ साली स्टेथोस्कोपचा शोध लावणारे फ्रेंच डॉक्टर रेने लेनेक छातीतील आवाजांना ‘राल’ म्हणत. पण फ्रेंच माणसाला त्या शब्दाने मरणकाळची घरघर आठवे. म्हणून रोग्याच्या देखत त्यांनी ‘राँकस’ हा लॅटिन शब्द योजिला. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेल्या त्या शब्दाचा मूळ अर्थही घोरणेच!

रोग्याला धास्ती बसू नये म्हणून शब्द झाकणे समजण्यासारखे आहे. परंतु घरच्या माणसांना अर्थच ठाऊक नसणे घातक ठरते. ‘दमला आहे, झोपू द्या’ असे म्हणून आपण दार लोटून घेतो आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते. हाका मारून, हलवूनही घोरणारा जागा होत नसेल, तर ती झोप नव्हे. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मराठीने ‘घोरणे’ आणि ‘घरघर’ हा भेद पूर्वीच केलेला आहे. त्या दोहोंच्या मधला, अजून वाचविता येण्याजोगा माणूस ओळखण्यास लॅटिन यावे लागत नाही.