बारा तासांची शर्यत

दक्षिण आफ्रिकेंत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या नगरांमध्यें सुमारें ९० किलोमीटरांची कॉम्रेड्स नामक शर्यत होते. पहिल्या महायुद्धांत लढून आलेल्या विक क्लॅफम यांनीं रणांत पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ ती १९२१ सालीं सुरू केली. त्या वेळीं धांवणारे अवघे ३४ होते.

आमचा एक जुना विद्यार्थी, पेशानें कारकून, मुंबईची ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन दोनदां पुरी करून आतां हिच्या तयारीस लागला आहे. घरीं आई अंथरुणास खिळलेली. म्हणून तिच्या औषधाच्या वेळेपूर्वीं परतावें, यासाठीं तो पहाटे तीनलाच बाहेर पडतो. (इतक्या पहाटे पूर्वीं वेदपाठी तेवढे उठत!) रविवारीं दीर्घ पल्ला असतो, तेव्हां सारें घर त्याच्या पत्नीच्या माथीं, हे कष्ट कोणत्या पदकांत मोजावे?

वाचकांस वाटेल, चढ हाच खरा वैरी. परंतु उतरतांना मांडीच्या स्नायूंस ताणलें जात असतांनाच देहाचा भार आवरावा लागतो व त्यांच्या तंतूंस इजा होते. यास्तव तो मुद्दाम घाट उतरण्याचा अभ्यास करितो.

बारा तास भरतांच बंदुकीचा बार होतो. बार काढणारा येणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो. कोणाची मुद्रा पाहून हात थबकूं नये ना! मग एका पावलाच्या उशिरानेंही पदक हुकतें.

“गुरुजी,” तो म्हणाला, “पहिलें कोण येतें तें येवो, बारापूर्वीं आंत पोंचलों कीं झालें.”